मेन बंद केला की काळ्या वायरीवर टेस्टर पेटतो! जुन्या घराचं वायरिंग काढायचंय, कुठून सुरुवात करू?

माजघर (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. अर्धवट सांगितलं की पहिले दहा प्रतिसाद "अजून माहिती द्या" असे येतात, म्हणून सगळंच लिहिते. चहा घेऊन बसा.

देवरुखपासून सात-आठ किलोमीटरवर आमचं घर. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, ओटी, माजघर, मागे पडवी. मी डोंबिवलीत शाळेत होते, निवृत्त झाले. आता वर्षातले सहा महिने इथे राहायचं ठरवलंय, म्हणून डागडुजी काढली आहे. न्हाणीघर नवं, ओटा नवा, आतून गिलावा नवा आणि वायरिंग तर करायलाच हवं.

बाबांनी वीज घेतली १९६८ साली. तेव्हाचं वायरिंग अजून तसंच आहे. सागवानी पट्ट्या, त्यांवर पत्र्याच्या क्लिपांनी धरलेल्या काळ्या वायरी, बाहेरून सुताची वेणी आणि आत रबर. ते रबर आता बोटात धरलं तर चुरमुऱ्यासारखं फुटतं. त्यावर १९८५ च्या सुमारास भावाच्या लग्नात पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चपट्या वायरी आल्या. पुढे स्वयंपाकघर केलं तेव्हा करड्या पाइपातलं वायरिंग आलं. बोर्ड उघडला की तिन्ही पिढ्या एकमेकींच्या गळ्यात गळे घालून, चिकटपट्टीने बांधलेल्या. मेन म्हणजे लोखंडी पेटी, बाजूला दांडा, आत चिनी मातीचे दोन किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार बसवायचे होल्डर. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही, सोलर नाही, जनरेटर नाही. कुणी विचारायच्या आधीच सांगते.

आता मूळ गोष्ट. परवा संध्याकाळी साडेसहाला गवंडी माजघराच्या मधल्या भिंतीचा गिलावा काढत होता. आभाळ भरून आलं होतं, काळोख झाला होता. गिलाव्याखालून एक काळी वायर निघाली आणि तिच्यावर कापडी पट्टीचा जोड. पट्टी हात लागताच गळून पडली, आत नखाएवढं उघडं तांबं. मी लगेच जाऊन मेनचा दांडा खाली ओढला. घर अंधारात. विजेरी धरून टेस्टर लावला, तर टेस्टर पेटला! मेन बंद असताना! घाबरून मेन चालू केला आणि परत लावला, तर टेस्टर थंड. बंद केला की पेटतो, चालू केला की विझतो. चार वेळा करून पाहिलं. गवंड्याने छिन्नी खाली ठेवली आणि ओटीवर जाऊन बसला. "बाई, घरात काय तरी हाय," म्हणाला. भूत म्हणायचं होतं त्याला.

सकाळी आमच्या गावातला वायरिंगवाला पोरगा आला. मेन बंद करून त्याच जोडावर त्याने टेस्टर लावला, काहीच लागलं नाही. मला म्हणतो, "काकू, चष्मा बदला." मग म्हणाला, जुन्या घरात रिटर्न येतो कधीकधी, त्याचं काही नाही. याच पोराने मागच्या दिवाळीला आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा खटका) बसवला होता, तो रोज दिवेलागणीला उडायचा. आठ दिवसांनी "माल खराब आहे" म्हणून काढून टाकला आणि लाईन सरळ जोडली.

विचारायचं आहे ते असं. हे काय आहे? गवंड्याला काम करू द्यावं का? आणि जुनं वायरिंग थोडंथोडं काढावं की एकदम? शेजारी चुलतभाऊ राहतो, तो वेगळ्याच कारणाने वैतागलाय. आम्ही मेन बंद केला की त्याच्या गोठ्यातला दिवा जातो म्हणे, ऐन धार काढायच्या वेळी. त्याला काय उत्तर द्यावं तेही कळत नाही, पण तो वेगळा विषय.

अर्धवट_इंजिनिअर

काकू, टेस्टरवर जाऊ नका. निऑनचा टेस्टर अगदी थोड्या करंटवरही पेटतो. जवळून दुसरी चालू वायर जात असेल तर बंद वायरीतही तेवढा करंट चढतो, त्याला आम्ही घोस्ट व्होल्टेज म्हणतो. गवंडी अगदीच चुकला नाही म्हणजे! चांगला मल्टिमीटर घ्या आणि मोजा. माझा अंदाज, काही नसणार.

खटका

मी तर चालू लाईनवरच काम करतो. पायात रबरी चप्पल घालायची आणि हाताची मागची बाजू आधी लावायची. करंट असला तर हात आपोआप मागे येतो. इतकं घाबरण्यासारखं काही नाही.

सातवीस

ताई, गवंड्याला आजच्या आज थांबवा. त्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही, ओल्या हाताने तर नाहीच. बाकी वाचा सावकाश.

मी ३४ वर्षं वायरिंगची कामं केली, आता डोळ्यांमुळे बंद आहे. नाव वाचून ज्यांना प्रश्न पडला असेल त्यांच्यासाठी: सात-वीस म्हणजे वीस गेजच्या सात तारांची वायर. पूर्वी चौरस मिलिमीटर नव्हतं, तीन-बावीस, सात-वीस असंच बोलायचो.

तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. शेवटी जो "वेगळा विषय" म्हणून सोडून दिलात ना, तोच विषय आहे. तुमचा मेन बंद झाला की भावाच्या गोठ्यातला दिवा जातो. का जावा? त्याचं मीटर वेगळं, मेन वेगळा. जातो, कारण त्या दिव्याला फेज (करंट आणणारी वायर) त्याच्या घरातून मिळतो आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) तुमच्या घरातून. तुमच्या माजघराच्या भिंतीतला तो जोड म्हणजे गोठ्याचा न्यूट्रल.

आता बघा कसं होतं. तुमचा मेन चालू असताना करंट भावाच्या फेजवरून बटणातून दिव्यात येतो, दिव्यातून तुमच्या काळ्या वायरीत, तिथून तुमच्या मेनमधून खांबाकडे. वाट मोकळी आहे, दिवा पेटतो, त्या जोडावर व्होल्टेज जवळजवळ शून्य. म्हणून टेस्टर थंड. तुम्ही दांडा खाली ओढलात की जुना दोन पोलचा मेन फेजही तोडतो आणि न्यूट्रलही. वाट तुटली. दिवा विझला. आणि गोठ्यातल्या दिव्यातून आलेले सगळे २३० व्होल्ट तुमच्या त्या उघड्या तांब्यावर येऊन थांबले. नुसत्या त्या तांब्यावर नाही, तुमच्या घरातल्या प्रत्येक न्यूट्रलवर. ज्या दिव्याचं, पंख्याचं बटण चालू राहिलं असेल त्याच्यातून फेजच्या वायरीवरसुद्धा. म्हणजे तुम्ही घर बंद केलंत आणि घर पेटलं.

सकाळी पोराला का लागलं नाही? सकाळी गोठ्यातला दिवा बंद होता. तुमचा चष्मा ठीक आहे.

आरसीसीबी दिवेलागणीलाच का उडायची? फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सारखा आहे का, एवढंच ती बघते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तोडते. गोठ्यात ६० वॉटचा दिवा लागला की पाव अँपिअर तुमच्या न्यूट्रलमधून परत यायचा, जो तुमच्या फेजमधून कधी गेलाच नव्हता. पाव अँपिअर म्हणजे अडीचशे मिलिअँपिअर. रोज संध्याकाळी ती बिचारी तुम्हाला ओरडून सांगत होती, आणि माल खराब म्हणून तिलाच काढून टाकलं.

अर्धवट_इंजिनिअर, घोस्ट व्होल्टेज असतं, मान्य. पण ते मेनच्या दांड्याबरोबर आणि शेजारच्या गाईच्या धारेबरोबर येत-जात नाही. समोर पुरावा असताना "काही नसणार" म्हणू नये. मधे ६० वॉटचा दिवा आहे म्हणून करंट कमी लागेल असंही नाही. माणूस मरायला तेवढ्यातला थोडा भागही पुरतो, आणि ओल्या जमिनीवर उभा गवंडी म्हणजे उत्तम अर्थिंग.

खटका, तुमच्याबद्दल काय बोलू. आमच्याकडे एक मदतनीस होता, असाच. एका चाळीत खोलीतले दिवे गेले होते. जुना मेन, फेजमध्ये एक फ्यूज आणि न्यूट्रलमध्येही एक. जळला होता न्यूट्रलचा फ्यूज. दिवे गेले म्हणजे लाईन गेली असं धरून त्याने होल्डर खोलायला घेतला. फेज होता तसाच होता. हाताची मागची बाजू वगैरे त्यालाही माहीत होतं. पण शिडीवर चढलेला माणूस तोल सांभाळायला एका हाताने छपराची लोखंडी कैची धरतो, त्या हाताचं काय? वाचला तो. डाव्या तळव्यावर होल्डरच्या कड्याएवढा गोल डाग आहे अजून. चहाचा कप उचलला की दिसतो.

ताई, आता करायचं काय ते. भावाला सांगा, त्याचा मेन आणि तुमचा मेन दोन्ही एकाच वेळी बंद. त्याच्याकडे इन्व्हर्टर असेल तर तोही नुसता बटणावर नाही, प्लग उपटून. इन्व्हर्टरवाले सहसा नेमके हेच विसरतात. मग परवानाधारक वायरमन बोलवा, पोरगा नको. टेस्टर वापरायची रीत अशी: आधी नक्की चालू असलेल्या ठिकाणी लावून तो पेटतो का बघायचं, मग संशयाच्या वायरीला लावायचं, मग परत चालू ठिकाणी. मधल्या काळात टेस्टरच मेला असेल तर पहिली परीक्षा कामाची नाही. उन्हात निऑन दिसत नाही, हाताने सावली करायची. आणि टेस्टर पेटला नाही म्हणजे लाईन नाही, हे मल्टिमीटरने पक्कं केल्याशिवाय धरायचं नाही.

माजघर

बापरे! दुपारपासून हे तीनदा वाचलं. गवंड्याला कालच सुट्टी दिली होती, आज फोन करून "भूत सापडलं, पण येऊ नकोस" सांगितलं.

भावाला विचारलं. त्याच्या वडिलांनी म्हणजे काकांनी १९७९ ला वाटणी झाल्यावर वेगळं मीटर घेतलं. त्याआधी गोठा आमच्याच घरावर होता. वाटणीत गोठा त्यांच्याकडे गेला. म्हणजे तेव्हाच्या वायरमनने दिव्याचा फेज तेवढा त्यांच्याकडे हलवला असणार?

आणि एक. घराला अर्थिंग आहे का हे कसं बघायचं? तीन पिनांचे सॉकेट आहेत, पण तिसऱ्या भोकाला मागे वायरच नाही असं तो पोरगा म्हणाला. न्हाणीच्या नळाच्या लोखंडी पाइपाला मात्र एक तार गुंडाळलेली दिसते.

सातवीस

अगदी तसंच. फेज हलवला की बिलाचं भांडण मिटलं. न्यूट्रल हलवायला चाळीस फूट वायर आणि कौलांत चढायचा त्रास, तो कोण घेतो? घरं वाटली गेली, न्यूट्रल एकत्रच राहिला. कोकणात वाटणीच्या घरांमध्ये असे सामाईक न्यूट्रल मी इतके पाहिलेत की पहिला प्रश्न मी वायरिंगचा नाही, वाटणीचा विचारायचो. "मधल्या भिंतीपलीकडे कोण?"

तुम्ही विचारलंत, थोडंथोडं की एकदम. एकदम. ही रबराची वायर म्हणजे म्हाताऱ्याचं हाड. पट्टीवर जशी होती तशी पडून राहिली तर आणखी दहा वर्षं काढेल, पण एकदा वाकवली, ओढली, खिळा काढताना हलवली की आतलं रबर चिरतं. बाहेरची वेणी तशीच असते, त्यामुळे दिसत काही नाही. सगळ्यात वाईट रबर सिलिंग रोझमध्ये (छताला दिव्याची वायर जिथे जोडतात त्या गोल डबीत) आणि होल्डरपाशी, कारण शंभर-शंभरचे दिवे वर्षानुवर्षं तिथे तापलेले असतात. म्हणून एक खोली नवी करून ती जुन्या वायरीला जोडायची, मग पुढच्या वर्षी दुसरी, हा उद्योग नको. नव्या खोलीतला गिझर जुन्या तीन-बावीसवरून चालवाल. तीन-बावीस म्हणजे सव्वा चौरस मिलिमीटरही भरत नाही.

किटकॅट काढून बघा, मेन बंद करून, दोन्हीकडचे. आत फ्यूजची बारीक तार आहे की कुणी दुहेरी तांब्याची तार घातलीय? बहुतेक घरांत दुसरंच निघतं. फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालतात, मग फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर जळते.

नवं काम सांगताना आकडे कागदावर लिहून द्या, तोंडी नको. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, मोठ्या सॉकेटला अडीच, गिझरला चार आणि त्याची लाईन स्वतंत्र. आयएसआय छाप, वेष्टनावर आयएस ६९४ लिहिलेलं असतं ते बघून घ्या. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा खटका) वायरीला शोभेल तीच: दीडला ६ किंवा १० अँपिअर, अडीचला १६, चारला २०. लोक करतात उलटं. एमसीबी उडते म्हणून ३२ ची बसवतात, म्हणजे पुन्हा दुहेरी तारेचीच गोष्ट. आणि वर एक ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. आरसीसीबी जास्त लोडवर उडत नाही आणि एमसीबी शॉकवर उडत नाही. दोन्ही लागतात. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलात तर आरसीसीबीलाही कळत नाही, तिला वाटतं तुम्ही दिवा आहात.

ती नळाला गुंडाळलेली तार, तीच तुमची सगळी अर्थिंग. आता न्हाणी नवी करताय म्हणजे प्लंबर लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचा टाकणार. त्या दिवशी ती गेली आणि कुणाला कळणारही नाही. प्लंबर म्हणेल माझं काम नाही, वायरमन म्हणेल मला सांगितलं नाही. नळाच्या पाइपावर अर्थिंग नसावीच, पण निदान काढताना माहीत तरी हवं.

नवी अर्थिंग जांभ्यात करणं हा स्वतंत्र ताप आहे. पुस्तकात अडीच मीटर लांब, ४० मिलिमीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप उभा पुरायला सांगतात. तुमच्याकडे दीड फुटावर कातळ लागतो, मजूर दोन दिवस पहार मारून पाइप कापून टाकतात आणि वर मीठ-कोळसा घालून "झालं" म्हणतात. तसं करू देऊ नका. कातळ असेल तर आडवी पट्टी टाका, २५ बाय ४ ची जीआय पट्टी, किमान १५ मीटर लांब, अर्धा मीटर खोल. आणि जागा निवडताना माडाच्या आळ्याकडून न्या. न्हाणीचं पाणी जिथे सोडता तिथे. जांभा पाणी धरत नाही, मेमध्ये जमीन कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग नावाला उरते. माडाला पाणी घातलं की अर्थिंगलाही मिळतं.

वायरीचं आवरण कुठे गळतं का ते मापायला वायरमनकडे मेगर नावाचं यंत्र असेल, ५०० व्होल्टचं. जुनी वायर काढायच्या आधी नाही, नवी टाकल्यावर, गिलावा करायच्या आधी मेगर मारायला लावा. दिवे-पंखे सुटे करून. एक मेगओहमच्या वर यायला हवं. नव्या वायरीचं त्याच्या कित्येक पट येतं. कमी आलं तर कुठेतरी खिळा घुसलाय. गिलावा झाल्यावर कळलं तर नवी भिंत फोडाल.

बाजारपेठ

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला आमच्या तळमजल्यात वाशिष्ठीचं पाणी कमरेच्या वर होतं. एकच भर घालतो. पाणी ओसरल्यावर बोर्ड धुऊन, उन्हात वाळवून लोकांनी पुन्हा चालू केले. आमचेही चालू झाले. पुढच्या जूनपर्यंत ठीक होतं. मग पहिल्या पावसात भिंतीला हात लावला की मुंग्या यायला लागल्या. पाइपात गाळ बसला होता, तो वरून कोरडा आणि आत ओला. शेवटी खालच्या सगळ्या पाइपा सोडून दिल्या आणि वायर छताजवळून फिरवून वरून खाली उतरवली, सॉकेट छातीच्या उंचीवर. पाहुणे विचारतात मोबाईल चार्जिंगला एवढं वर का. ताई, तुमच्याकडे पूर नसेल, पण जांभ्याची भिंत पावसाळ्यात घाम गाळतेच. पश्चिमेच्या भिंतीत बोर्ड घेऊ नका.

खटका

सातवीसकाका, चप्पल मागे घेतली.

अर्धवट_इंजिनिअर

मीही "काही नसणार" मागे घेतो. पण एक विचारतो. नवं वायरिंग होईपर्यंत निदान जुन्या वायरिंगवरच आरसीसीबी लावून ठेवली तर?

सातवीस

लावा, पण गोठ्याचा न्यूट्रल तोडल्यावर. आणि जुन्या रबरातून गळती असणारच, तेव्हा उडेल. उडाली की चिडून सरळ जोडायचं नाही, एकेक लाईन बंद करत कुठली लाईन गळते ते शोधायचं. उडणं हा तिचा दोष नाही.

आणि मीटरच्या अलीकडचं सगळं आपलं, पलीकडचं महावितरणचं. मीटरचं सील, खांबावरून येणारी सर्व्हिस वायर, त्याला कुणीही हात लावायचा नाही. गिझर वाढवताय तर लोडही वाढवून घ्या, त्याच वेळी परवानाधारक ठेकेदाराकडून टेस्ट रिपोर्ट करून घ्या. कागद राहतो.

माजघर

तीन आठवड्यांनी लिहितेय, क्षमस्व. इथे रेंज म्हणजे विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तर.

रत्नागिरीहून परवानाधारक वायरमन आले, मध्यमवयाचे, बोलणं कमी. मी त्यांना सातवीस यांचा प्रतिसाद वाचायला दिला. वाचून फक्त "बरोबर आहे" म्हणाले आणि भावाला हाक मारली. "गोठ्यातला दिवा लावा." भर सकाळी दहाला. मग आमचा मेन बंद केला आणि जोडावर टेस्टर लावला. पेटला. "दिवा बंद करा." विझला. "लावा." पेटला. भाऊ गोठ्यातून विचारतोय, काय झालं, काय झालं. गवंडी दारात उभा राहून बघत होता. त्याला आधी भूतच बरं वाटलं असेल.

मग दोन्ही घरांचे मेन बंद करून, तपासून, त्यांनी तो जोड तोडला आणि दोन्ही टोकं झाकून बंद केली. गोठ्याला भावाच्या मीटरवरून नवी, तीन वायरींची लाईन गेली, अर्थसकट. भाऊ म्हणाला, काकांनी तेव्हाच केलं असतं तर. मी म्हटलं, काकांनी आणि बाबांनी तेव्हा एकमेकांशी बोलणंच टाकलं होतं, न्यूट्रलचं कुठून बोलणार!

किटकॅटमध्ये दुहेरी तांब्याची तार निघाली. तिसऱ्या भोकात कुठेच काही नाही. न्हाणीतली ती गुंडाळलेली तार प्लंबरने काढायच्या आधी मी तिच्यावर लाल फडकं बांधून ठेवलं होतं, म्हणजे कुणी विसरणार नाही. अर्थिंगची पट्टी पुरली माडाच्या आळ्यातून, पंधरा मीटर, दोन मजूर अडीच दिवस. एक माड नाराज असावा, झावळ्या जरा पिवळ्या दिसतायत.

जुन्या वायरी उतरवताना मी मुद्दाम जवळ बसून पाहिलं. माजघरातल्या रोझपाशी वायर हलवली आणि रबराची काळी भुकटी खाली बसलेल्या मांजराच्या पाठीवर पडली. आत तांबं मात्र लखलखीत, काल ओढल्यासारखं. त्याचं मला उगीच वाईट वाटलं.

भिंती उघड्या असतानाच मेगर झाला. एका लाईनवर आकडा पडला, स्वयंपाकघरातल्या. शोधलं तर ओट्याच्या कडाप्प्यासाठी मारलेला खिळा पाइपात. सुताराला बोलावून काढून घेतला.

काल संध्याकाळी सात वाजता मी मुद्दाम नव्या बोर्डासमोर खुर्ची टाकून बसले. भावाने गोठ्यात दिवा लावला, इथून कुंपणातून उजेड दिसला. आरसीसीबी जागची हलली नाही. पंधरा मिनिटं बसले होते, मग डास चावायला लागले.

सातवीस, एकच विचारायचं राहिलं. बाबांच्या वेळची काळी, पितळी दांडीची गोल बटणं निघाली आहेत, सहा. दोन तर अजून टक्-टक् असा काय छान आवाज करतात! ओटीवरच्या दिव्याला त्यातलं एक लावावं असं फार मनात आहे.

सातवीस

लाकडाच्या फळीवर ठोकून ओटीवर टांगा आणि नातवंडांना टक्-टक् करू द्या. वायर जोडू नका. दांडी पितळेची असते ताई, आणि आतला चिनी मातीचा तुकडा तडकला की ती दांडीच फेज होते.